वजाबाकीचा डबा

आईने रेडिओ पुन्हा सुरू केला त्या पहिल्याच संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की मधल्या वर्षांत हवा फार गोंगाटाची झाली आहे.

"पूर्वी इथे शांतता असायची," हेडफोन एका कानावरून सरकवत ती म्हणाली. "आता कोणीतरी चहूकडे बसून टराटरा कागद फाडतंय."

मी नुकतीच पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाले होते आणि मुलाखतींच्या मधल्या काळात घरीच होते, त्यामुळे कारणं सांगायला मी हजरच. मोबाइलचे चार्जर, एलईडीचे दिवे, लिफ्टची मोटर. प्रत्येक स्वस्त वस्तू थोड्याफार रेडिओलहरी सांडत असते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं कळलं. आता बंद कसं करायचं ते सांग."

तिच्यासाठी हा नवा छंद नव्हता. लग्नाआधीपासून ती हौशी रेडिओवाली होती. रीतसर परवाना, हवेतली ओळख म्हणून स्वतःचं कॉलसाइन, आणि टेबलावर टकटक करून संदेश पाठवायची पितळेची मोर्स की. मी चालायला लागले त्या सुमारास घर बदललं, चष्म्याच्या कारखान्यात तिला भिंगं घासायचं काम मिळालं, आणि सेट पलंगाखालच्या ट्रंकेत गेला. माझ्या लेखी तो वर्षानुवर्षं 'ट्रंकेतलं जड' होता. झाडताना मी त्याच्या बाजूने केरसुणी फिरवायचे, इतकीच ओळख. या वर्षी ती निवृत्त झाली, परवाना नवा करून घेतला, गच्चीवर लांब वायर ताणली, आणि दुपारी स्वयंपाकघरात शिट्टीने मोर्स घोटू लागली.

महिन्याभरात तिला कप्तान सापडला. हा कप्तान खरं तर जहाजावरचा निवृत्त खानसामा. दूरच्या कुठल्याशा बंदरात राहतो, आणि तरुणपणी दोघं आठवड्यातून एकदा बोलत. आवाज एकमेकांनी कधी ऐकलेला नाही, फक्त टकटक. तिने पहिल्यांदा पुन्हा की दाबली तेव्हा कॉलसाइन पुरतं व्हायच्या आतच त्याने उत्तर दिलं होतं. "हात ओळखला त्याने, टकटक करायची ढब," आई म्हणाली, आणि उठून उगाचच खिडकी पुसायला लागली.

पण त्याचा सिग्नल अशक्त, आणि गोंगाट दांडगा. म्हणून तिने डबा बनवला.

कल्पना जुनी आणि सुंदर आहे. गच्चीवरच्या मोठ्या वायरला दोन गोष्टी ऐकू येतात: कप्तान आणि इमारतीचा गोंगाट. दुसरी छोटी वायर अशा जागी टांगायची, की तिला फक्त गोंगाट ऐकू येईल. डबा तो गोंगाट उलटा करून पहिल्यात मिसळतो. गोंगाट गोंगाटाला खातो, कप्तान उरतो. आम्ही त्याला 'वजाबाकी' म्हणायचो. किती वजा करायचं ते ठरवायला डब्यावर एक गोल बटण होतं, आणि नीट जुळलं की आई त्या जागी पत्र्यावर पेन्सिलने बारीक ठिपका द्यायची. कारखान्यातली सवय.

"आज पुन्हा जरा वाढवावं लागलं," ती मधूनमधून म्हणायची. मी "हं" करायचे.

तेवढ्यात तक्रार आली.

आमच्या बरोबर खाली एक आजोबा राहायचे. आयुष्यभर शिवणकाम केलेले, आता फुप्फुसं थकलेली. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं मशीन चोवीस तास घरघरत असायचं. ते मशीन मध्येच टिटिट् करून ओरडायला लागलं. त्यांच्या सुनेने कमिटीच्या अध्यक्षांना सांगितलं आणि अध्यक्षांनी आकाशाकडे बघून आईची वायर शोधून काढली. या अध्यक्षांना आम्ही घरात 'पोटनियम' म्हणायचो. जिन्यात चप्पल जरी आडवी पडली तरी त्यांना एखादा पोटनियम आठवायचा.

नोटीस आली: रविवारी वायर उतरवावी.

आईने वाद घातला नाही. त्याच दिवशी तिने रेडिओवर बोलणं बंद केलं. मोर्स की कापडात गुंडाळून कपाटात. "चुकून माझ्यामुळे असलं तर?" इतकंच म्हणाली. त्यानंतर ती नुसतं ऐकायची. कप्तान रोज दुपारी ठरल्या जागी येऊन तिला हाक मारायचा, थांबायचा, पुन्हा मारायचा. ती पाठीचा कणा ताठ करून ऐकायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून.

पण मशीन ओरडायचं थांबलं नाही. उलट वाढलं. आणि खालच्या वहिनींनी, म्हणजे आजोबांच्या सुनेने, जिन्यात मला अडवून विचारलं, "तुझी आई चोरून लावते ना ते?"

शनिवारी दुपारी कडाक्याची थंडी होती. घरोघरी हीटर लावलेले. आई शेवटचं ऐकायला बसली होती. मी बाजूला उगाच डब्याकडे बघत होते, आणि बघता बघता ठिपके मोजायच्या ऐवजी त्यांची दिशा बघायला लागले.

सगळे एकाच बाजूला सरकत होते. आणि दोन ठिपक्यांतलं अंतर वाढत होतं.

चार्जर काही असा म्हातारा होत नाही. काल जितका गोंगाट करतो तितकाच आज करतो.

"आई, एक मिनिट डबा काढू?"

"आता? आत्ता कप्तान येईल गं!"

मी छोट्या वायरीची पिन उपसली.

आईने हेडफोन फेकूनच दिले. टेबलावर पडूनही ते खरखरताना ऐकू येत होते. सेटवरचा काटा, जो महिन्यापूर्वी मधल्या आकड्यांत लटपटायचा, तो उजव्या टोकाला जाऊन टेकला होता.

मी एक कान लावला. आवाज सलग नव्हता. तडतडायचा, अडखळायचा, क्षणभर गप्प बसायचा, पुन्हा तडतडायचा. बाहेर लिफ्ट सुरू झाल्याची घरघर आली आणि हेडफोनमधला आवाज दुप्पट झाला. लिफ्ट थांबली, आवाज उतरला.

"ही ठिणगी आहे," मी म्हणाले. "कुठेतरी जोड सुटलाय. करंट वाढला की तो जास्त तडतडतो."

"कुठेतरी म्हणजे?"

"छोटी वायर कुठे टांगलीयेस?"

"मागच्या खिडकीतून खाली सोडलीय. आधी बाल्कनीत होती, पण तिथे गोंगाट कमी मिळत होता. मग सरकवत सरकवत नेली..." आई थांबली. "आजोबांच्या खोलीच्या भिंतीलगत. तिथे सगळ्यात छान मिळतो."

'छान' हा शब्द खोलीत तसाच राहिला.

"तीन आठवडे," आई म्हणाली. "तीन आठवडे मी रोज ऐकून ऐकून तो पुसतेय."

मी बाबांचा जुना ट्रान्झिस्टर घेतला, स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला, आणि आम्ही खाली पळालो. जिन्यात पोटनियम वर येत होते. हातात नोटिशीची दुसरी प्रत.

"ताई, उद्याची आठवण करून द्यायला..."

"साहेब, मेन स्विचची किल्ली कुठाय?"

"किल्ली? कशाला?"

"आजोबांच्या भिंतीत ठिणग्या उडताहेत."

पोटनियमांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या खरखरणाऱ्या ट्रान्झिस्टरकडे. "वा! म्हणजे चोर म्हणतोय, चोर भिंतीत आहे!"

"तसं समजा," आई म्हणाली. "पण माझ्या मागे या."

वहिनींनी दार अर्धंच उघडलं. "आता घरातसुद्धा रेडिओ आणलात का, काकू?"

"दोन मिनिटं. काही नाही निघालं, तर आज संध्याकाळी माझ्या हाताने वायर कापते."

"कापा की. आत्ताच कापा."

आतून आजोबांचा आवाज आला, एकेका शब्दागणिक श्वास घेत. "येऊ दे गं. इथे... माणसं कुठे येतात? सगळी... मशीन बघायला येतात."

खोली लहान, पडदे ओढलेले. आजोबा उशांना टेकून बसलेले, नाकाशी नळी, पाय रजईत. पलंग थेट मागच्या भिंतीला लावलेला. ट्रान्झिस्टर असा बेभान खरखरत होता, की वहिनींनी कानावर हात ठेवला.

ट्रान्झिस्टरच्या आत एक काळी लांब कांडी असते, तीच त्याचा कान. ती उगमाला आडवी धरली की आवाज मोठा, आणि टोक उगमाकडे केलं की आवाज पडतो. म्हणजे जिथे गप्प होईल तिकडे शोधायचं. मी तो हातात फिरवला. दाराकडे, खिडकीकडे, मशीनकडे. मशीनकडे टोक केल्यावर आवाज जराही पडला नाही.

"मशीन नाही," मी म्हणाले.

मग पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीकडे टोक केलं, आणि खरखर घशात अडकल्यासारखी बारीक झाली. दोन पावलं सरकून पुन्हा तेच केलं. दोन्ही वेळा टोक एकाच जागेकडे होतं. आजोबांच्या उजव्या खांद्यामागे.

"तिथे... छान ऊब असते," आजोबा म्हणाले. "हल्ली भिंतच गरम लागते. पाठीला... बरं वाटतं. म्हणून सुनेला म्हटलं, पलंग लाव जवळ."

आईने पुढे होऊन तळवा भिंतीवर ठेवला आणि चटकन काढला.

"साहेब, इकडे या. हात लावा."

पोटनियम आले. त्यांनी आधी दोन बोटं लावली, मग पूर्ण तळवा. तोंड उघडलं ते मिटायचं राहिलं. उशी बाजूला केली तेव्हा मागे चहा सांडावा तसा डाग दिसला, मध्ये गडद, कडेला पिवळट.

"वास येतो का कसला?" मी वहिनींना विचारलं.

"मासळीसारखा. तीन-चार दिवस." वहिनींचा आवाज एकदम उतरला. "मी सगळा फ्रीज धुऊन काढला."

तापलेल्या वायरीच्या प्लास्टिकला तसाच वास येतो. मला ते माहीत होतं आणि आणखी एक गोष्ट माहीत होती, जी मला मोठ्याने बोलायची नव्हती. या बंद खोलीत चोवीस तास ऑक्सिजन येत होता. रजईत, उशीत, आजोबांच्या स्वेटरमध्ये तो मुरलेला होता. ऑक्सिजन स्वतः जळत नाही. पण एरवी जी ठिणगी धुमसून विझते, ती त्यात विझत नाही.

"मेन बंद करायला हवं," मी म्हणाले. "सगळ्या इमारतीचं. हा जोड कुठल्या लाइनवर आहे, ते आपल्याला माहीत नाही."

"मग यांचं मशीन?" वहिनी ओरडल्याच.

"सिलिंडर आहे ना?"

कोपऱ्यात होता. आणल्यापासून एकदाही उघडलेला नाही. त्यावर धूळ, आणि दोरीने बांधलेली चावी. वहिनींनी चावी बसवली, जोर लावला. हलेना. पुन्हा. हलेना. वीज अडखळली तसं मशीन टिटिट् करायला लागलं, दिवा मिणमिणला, आणि भिंतीतून उघड्या कानाला ऐकू येईल असं काहीतरी टकटकलं.

"साहेब, तुम्ही खाली जा," आई म्हणाली. "किल्ली घेऊन स्विचपाशी उभे राहा. इथून हाक मारली की बंद. लिफ्टमध्ये कोणी नाही, ते बघा आधी."

पोटनियम नोटीस हातात घेऊनच धावले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वहिनी स्वयंपाकघरातून तेलाची बाटली घेऊन आल्या. "जाम झालंय. थेंबभर सोडते..."

"तेल नको!" मी इतक्या जोरात किंचाळले, की त्यांच्या हातून बाटली सुटता सुटता राहिली. "ऑक्सिजनला तेल नाही लावायचं, वहिनी. पेटतं."

त्यांनी बाटली लांब नेऊन ठेवली. आईने सिलिंडरपाशी जाऊन आधी आपले हात पदराला पुसले, एकदा नाही, तीनदा, बोटांच्या बेचक्यांतून. मग तिने जोर लावलाच नाही. चावी धरून नुसता दाब ठेवला, जसा ती भिंग घासताना ठेवायची, आणि वाट पाहिली. कपाळावर शीर उठली होती. आम्ही सगळे तिच्या मनगटाकडे बघत होतो. आजोबासुद्धा.

काहीतरी किंचित करकरलं. मग हिस्स.

"नळी बदल," आई म्हणाली. वहिनींनी नळी बदलली. मी चाकाची खुर्ची आणली. आजोबांचं वजन असं कितीसं, पण रजई त्यांनी सोडेचना. "रजई राहू दे, आजोबा, तिच्यात ऑक्सिजन भरलाय." "मग तीच... कामाची ना गं?" ते म्हणाले, आणि सोडली.

बाहेरच्या खोलीत खिडक्या उघडल्या, सिलिंडर खुर्चीला बांधला. आई जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून ओरडली, "बंद करा!"

काहीच झालं नाही.

"साहेब!"

"कुठला? लाल का काळा?"

"सगळे!"

दिवे गेले. फ्रीजची घरघर गेली, लिफ्टचा गुंजारव गेला, आणि माझ्या हातातला ट्रान्झिस्टर गप्प झाला. त्या शांततेतून, जणू इतका वेळ दाराबाहेर उभी असल्यासारखी, कुठल्याशा दूरच्या स्टेशनवरची एक बाई न कळणाऱ्या भाषेत बातम्या वाचत होती.

आई जिन्याच्या पायरीवर बसली.

वायरमन आला तेव्हा भिंतीला अजून हात लावून ठेवता येत नव्हता. त्याने प्लास्टर खरवडून झाकण काढलं. आत इमारतीचा जुना जोड-डबा होता, वर जाणाऱ्या सगळ्या वायरींचा. एका वायरीचं आवरण कोळसा होऊन गळून पडलं होतं. डबा ज्या लाकडी पट्टीवर ठोकला होता, ती बोटाने दाबली की तिचे काळे तुकडे सुटत. त्याने एक स्क्रू आईच्या तळहातावर ठेवला. "सैल. बाकी काही नाही. नुसता सैल." मग उशीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि पुढच्या कामाला लागला.

संध्याकाळपर्यंत त्याने ती लाइन तोडून बाकीच्या मजल्यांना वीज दिली. आजोबांच्या घरात मात्र अंधार. म्हणून चौघांनी मिळून त्यांना खुर्चीसकट आमच्याकडे वर आणलं, आणि मशीन ठेवायला मोकळी जागा एकच निघाली: आईच्या रेडिओच्या टेबलाशेजारी.

पोटनियम दारातच घुटमळत होते. "ती रविवारची तारीख... म्हणजे कमिटीपुढे ठेवतो मी. पोटनियमात तशी तरतूद..."

"आधी आत या," आई म्हणाली. "चहा घ्या."

वहिनी चहा घेत नव्हत्या. मशीनवर हात ठेवून उभ्या होत्या. "काकू, माझं चुकलं. पण मला अजून माहीत नाही, याला तुमच्या रेडिओचं काही होतं का. मी खोटं नाही बोलणार."

"मलाही माहीत नाही," आई म्हणाली. "म्हणून तर बंद ठेवलाय."

"मग... लाव की," आजोबा खुर्चीतून म्हणाले.

आईने मान हलवली. नाही.

"ओरडलं... तर ओरडलं. निदान... कळेल."

मी म्हटलं, करता येईल, पण नीट करू. आजोबा सिलिंडरवर. मशीन नुसतं चालू, नळी कोणाच्या नाकात नाही. आधी सगळ्यात कमी शक्तीवर, मग वाढवत. वहिनींनी दिव्याकडे बघायचं, मी आवाजाकडे, आणि पोटनियम साक्षीदार. पोटनियमांना 'साक्षीदार' हा शब्द फार पटला. खुर्ची ओढून ते बसलेसुद्धा.

आईने कपाटातून की काढली, कापड सोडलं. बोट ठेवलं आणि काढलं. मशीनवरच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या हिरव्या दिव्याकडे सगळ्यांचे डोळे. खरंच माझ्यामुळे ते बंद पडत असतं आणि आजोबा त्यावर असते तर, हा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होता. कारण तीन आठवडे तिला सगळं ऐकू येत होतं आणि तिने ते ऐकलं नव्हतं.

तिने की दाबली.

हिरवा दिवा तसाच. मशीन घरघरत राहिलं. मी शक्ती वाढवली. तिने पुन्हा दाबली, या वेळी लांब. वाढवली. दाबली. शेवटी बटण टोकाला नेलं आणि तिने आपलं पूर्ण कॉलसाइन पाठवलं, सावकाश, एकेक अक्षर.

दिवा हिरवा.

"झालं?" आजोबांनी विचारलं. "मला वाटलं... निदान गुदगुल्या तरी होतील."

वहिनी हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, आणि पोटनियमांनी घड्याळात बघून, कोणी न सांगता, "साक्षीदार हजर होता," असं म्हटलं.

आई मात्र हेडफोन कानाला लावून वाकली होती. तिचा चेहरा बदलला. मी दुसरा कान मागितला. खरखर आता थोडी होती, सपाट, चार्जरांची आणि दिव्यांची, आणि तिच्या तळाशी एक बारीक, अशक्त, घाईघाईची टकटक. आईचंच कॉलसाइन, पुन्हा पुन्हा. त्याने हात ओळखला होता.

"डबा लाव ना," मी म्हणाले. "नीट ऐकू येईल."

आईचा हात डब्याकडे गेला. पिन तिने उचलली, क्षणभर बोटांत धरली, आणि टेबलावर ठेवून दिली.

"थांब," ती म्हणाली. "आधी इमारत ऐकू दे."

आणि कप्तान हाका मारत असताना तिने डोळे मिटले, आणि त्या हाकांच्या खालची खरखर एकेक करून ऐकत बसली.